पाठमोरा बाक

बाळगोंडा मगदूमांची पहिली व्हॅन आली तेव्हा
माझा बाप अजून कापूस पिंजत होता,
निपाणीत, अकोळ रोडला.
गाडीला नाकच नव्हतं.
ड्रायव्हरचे गुडघे आणि समोरची म्हैस
यांच्या मधी एक पत्रा, बास.
इंजिन बुडाखाली. कोल्हापूर येईस्तोवर सीटचा तवा.
बाळगोंडा म्हणाले, नदाफ, हिच्यावर कायतरी घाल बाबा,
भाजून निघालोय आम्ही.
बापानं काथ्या घातला, वर कापूस, वर तांबडं रेक्झीन.
गादी सोडून आमच्या घरानं शिवलेलं ते पहिलं काम.
कडेची पांढरी पायपिंग मी लावली.
तेरा वर्षांचा होतो.

मधला बाक उलटा होता,
मागच्यांकडं तोंड, रस्त्याकडं पाठ.
तो रत्नाक्कांचा.
मांडीवर सुकुमार, पायात दशम्यांचा डबा,
समोर सासू, नणंद, नणंदेची पोरं,
गुडघ्याला गुडघे लागलेले,
भांडण झालं तरी तोंड फिरवायला जागा नाही.

दुसरी आली ती ओम्नी नाव लावून.
चेहरा जरा धुतल्यासारखा, बाकी हाडं तीच.
दार तेच, खर्रर करत सरकणारं,
दोनदा आपटल्याशिवाय न लागणारं,
मगदूम लग्नाहून परत आले हे
अख्ख्या गल्लीला सांगणारं.
काथ्या गेला, फोम आला, बाप गेला.
दर दिवाळीला सीटा उचकटायचो मी:
तंबाखूचा भुगा, दहा पैसे, केसांचा चाप,
कुणाच्या तरी अक्षता,
एकदा सुकुमारचा दुधाचा दात, कागदात,
वर तारीख.
तो नेऊन दिला. रत्नाक्का काहीच बोलल्या नाहीत,
चहा मात्र दोनदा दिला.

तिसरी ईको, श्रेणिकनं घेतली, नातवानं.
छोटं का होईना, नाक फुटलंय.
पट्टे आलेत, मानेला उशी आली,
मागं घेताना गाडीच ओरडते, कुणी उतरून
"येऊ दे, येऊ दे, बास" म्हणायला नको.
सीटा कारखान्यातनंच शिवून येतात.
टाका बघितला मी, भिंग लावून.
चुकलेला नाही कुठं.
आणि सगळे बाक पुढं तोंड करून,
एस.टी.त बसल्यासारखे.

परवा रत्नाक्का दुकानात आल्या, काठी टेकत.
नदाफ, मला ह्यात मळमळतंय.
मधला बाक फिरवून दे.
म्हटलं, अक्का, बोल्ट जुळत नाहीत, पट्ट्याची जागा चुकते,
आर.टी.ओ. सोडायचा नाही.
पुढचं बघून मी काय करू, त्या म्हणाल्या.
मी आयुष्यभर गेलेलं बघत आलेय.

मग म्हणाल्या, कोगनोळी सोडून
दूधगंगेच्या पुलावर गेलो की
सगळे पुढची पाटी वाचायचे.
मला दिसायची मागची, समोरनं येणाऱ्यांसाठी लावलेली,
कर्नाटकात सुस्वागत.
परत येताना तसंच, महाराष्ट्रात सुस्वागत.
जिथनं निघाले ते गावच मला या म्हणायचं, नदाफ.
मोर्चे झाले, बंद झाले, पाट्यांना डांबर फासून झालं,
रात्रीत पुन्हा लिहून झाल्या,
मला कधी कुणी जा म्हटलं नाही.

मी काय बोलणार?
पहिली व्हॅन भंगारात गेली तेव्हा
तो बाक मी ठेवून घेतला होता.
गिऱ्हाइकं बसतात त्यावर, बिल होईस्तोवर.
त्याच्यावर बसल्या त्या, हायवेकडं पाठ करून,
डबा असावा तशी पिशवी पायात धरून.
बराच वेळ. मी मशीन बंद ठेवलं.
अंगठा कडेवरनं फिरत होता, फिरता फिरता थांबला.

ही पायपिंग वाकडी आहे रे.

माझी आहे, म्हटलं.

माहिती आहे, त्या म्हणाल्या. तेव्हाच दिसली होती.