आयला

बेटाचं नाव मी मोठ्यांदा वाचलं
आणि स्वयंपाकघरातून हेमलता म्हणाली,
"आता कोणावर चिडलात?"

चिडलो नाही. नावच तसं आहे.
लिहितात भलतंच, म्हणतात आयला.
स्कॉटलंडच्या पश्चिमेला,
सोऱ्यातून तुटून पडलेल्या शेवेच्या तुकड्याएवढं.

दांडिया बाजारातून मोठा करून आणलेला नकाशा
जेवणाच्या टेबलावर पसरलाय.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर माझं बीपीचं मशीन.
इंगवले आणि जयेंद्रभाई सकाळीच येऊन गेले.
एकाचे गुडघे, एकाचा मोतीबिंदू, माझा पासपोर्ट,
एवढं बोलून झालं. तारीख ठरली नाही.

आम्ही खेळतो राजवाड्याच्या आवारात.
चेंडू पडतो तिथे मोर आधी पोचतो.
हिरवळ माळ्याची, पाणी बोअरचं,
वारा असलाच तर मार्चनंतरचा, गरम.
तिथे म्हणे समुद्र मागे सरला
आणि वाळू उरली, तिच्यावर गवत, त्यावर मेंढ्या,
आणि आडवा वारा,
जो तुमचा चेंडू परत तुमच्याच पायाशी आणून टाकतो.

"लिंक्स म्हणजे काय हो?"
समुद्र आणि शेत यांच्या मधली जमीन, मी म्हणालो,
दोघांच्याही कामाची नसलेली.
"म्हणजे रिटायर माणूस," म्हणाली
आणि कुकरकडे गेली.

दुसरा कागद डिस्टिलऱ्यांचा.
माझ्याकडे परवाना आहे. निद्रानाशावर.
सरकारी डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता झोप लागते?
मी ठोकून दिलं, तीन.
तेव्हापासून खरंच तीन वाजतात.
चोपडीत शिक्का, बाटली खाकी पिशवीत, पिशवी डिकीत,
जिन्यात शहाकाकूंना केम छो,
आणि पिशवी अशी धरायची की आत जणू औषधच आहे.
आहेही.
त्या बेटावर कारखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर
माणसापेक्षा उंच काळ्या अक्षरांत नाव लिहितात,
बोटीतून वाचता यावं म्हणून.
फोटो बघून मला उगाच धडकी भरली.
दार लावून घेतलं.

हेमलता बत्तीस वर्षं सयाजी हॉस्पिटलात सिस्टर होती.
इंगवल्यांच्या जावयाने आणलेल्या बाटलीचं बूच
मी तिच्या नाकाशी नेलं.
तिने डोळे मिटले.
"ड्रेसिंग रूम," म्हणाली. "आयोडीन.
आणि खिडकीबाहेर कोणीतरी ओल्या गोवऱ्या पेटवल्यात."
मग बराच वेळ काही बोलली नाही.
"हा वास हाताचा जावा म्हणून
रोज घरी येऊन लिंबाच्या साली चोळायची मी.
तुम्हाला काय, कळलं नसेल."

नव्हतं कळलं.

संध्याकाळी तिनेच पेन्सिल उचलली.
"गाडी कोण चालवणार?"
आम्ही तिघे पिणारे. टेबल गप्प.
"तिकडेही डावीकडूनच चालवतात ना? मग झालं."
तिच्या पेन्सिलीने सकाळी दहाची डिस्टिलरी गेली,
अकराचीही गेली.
दिवसाला एक, तीही जेवणानंतर.
फेरीच्या वेळेआधी एक तास, गोळ्या हातातल्या पर्समध्ये.
चालवणाऱ्याचा घोट छोट्या बाटलीत भरून देतात,
मी जरा घाबरतच सांगितलं.
"आणू की. कोणी खरचटून घेतलंत तर लावायला."
बुधवार तिने कोरा ठेवला.
विचारलं तर म्हणाली, असू दे.

रात्री तीनला नेहमीप्रमाणे उठलो.
दिवाणखान्यात दिवा.
चष्मा नाकाच्या टोकावर, केस मोकळे,
ती नकाशावर वाकलेली.
उजव्या हाताचं बोट
बेटावरच्या एकेरी रस्त्याने हळूहळू जात होतं,
समोरून कोणी आलं असावं, जरा बाजूला थांबलं,
मग निघालं पुढे,
डावा हात हवेत गिअर बदलत.
रस्ता समुद्रापाशी संपला.
तिने मागे वळून पाहिलं, मला नाही, मागच्या काचेकडे,
आणि बोट सावकाश
रिव्हर्स घेतलं.