पोटात पाय

बाहेरून बघाल तर बाजारहाटाची गाडी.
पाच दारं, मागच्या काचेला पुसणी,
डिकीत कुत्र्याची सतरंजी आणि माझी हत्यारांची पेटी.
फक्त खाली वाकलात तर
दोन नळकांडी दिसतील, मूठ आत जाईल एवढी.
गोगलगाय, पोटात पाय.

पोर्ट टॅलबटच्या एका पाववाल्याच्या पोराकडून घेतली.
किल्ली देताना त्याचे डोळे भरले.
मला वाटलं, नव्या बाळाची खुर्ची हिच्यात मावली नसणार.
(मावते. हेलेधने नंतर मोजून दाखवलं.
रडण्याचं कारण विमा होता.)

मी पियानो लावतो.
ट्रिऑर्की, फर्नडेल, अ‍ॅबरडेअर,
चॅपलांतले ओल धरलेले, शाळांतले पोरांनी बडवलेले.
रोज साठ मैल, त्यातले चाळीस वीसच्या वेगाने,
कारण वेल्समध्ये गाव लागलं की वीस.
अडीचशे घोडे पोसायचे
आणि त्यांना दिवसभर चवड्यांवर चालवायचं.

सीट अशी टणक
की रस्त्यात नाणं पडलेलं असेल तर
छापा आहे की काटा, माकडहाडाला कळतं.
टायर चौदा महिन्यांत गुळगुळीत.
पंपावरची मेरेरिद आता माझ्या कुत्र्याची खुशाली विचारते.
सिग्नलला एखादा उलट्या टोपीचा पोरगा
शेजारी येऊन इंजिन गुरगुरवतो.
हिरवा पडला की मी सावकाश निघतो.
डिकीत दोनशे वर्षांच्या लाकडाची एक पट्टी असते,
आणि ती माझी नसते.

तीन हजार फेऱ्यांना डॅशबोर्ड काळी पाच धरतो.
किंचित उतरलेली.
चार वर्षं शोधतोय, कुठून.
पुठ्ठा खोचला, कापूस खोचला, हेलेधचा मोजा खोचला.
आता तिथे मोजाही आहे
आणि काळी पाचही.

ओल्वेन, माझ्या सासूबाई, एक्याऐंशीच्या.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, ब्रिजेंडला डायलिसिस.
"मी बसतेय की पडतेय?" आत शिरताना विचारतात.
उतरताना दोघं मिळून तीन म्हणतो आणि ओढतो.
दर खड्ड्याला त्या वेल्शमधला एक शब्द काढतात
जो चॅपलात चालणार नाही.
"विकून टाक," हेलेध म्हणाली. "आईचा तरी विचार कर."
मी गाडी धुतली, फोटो काढले, जाहिरात लिहायला बसलो.
'हळू हाताने वापरलेली.'
खोडलं.
'वापरलेली.'
तिथेच अडलो.

त्या शनिवारी परत येताना बुल्खचा घाट.
सूर्य कड्यामागे गेलेला, रस्त्यावर एकही मेंढी नाही.
सासूबाई पिळून वाळत घातल्यासारख्या, डोळे मिटलेले.
मी अलगद, चहाचा कप नेल्यासारखा चालवत होतो.
"चौथा फार लवकर टाकतोस तू,"
डोळे न उघडता म्हणाल्या.
"तिसऱ्यात ओढ."

त्यांनी जन्मात गाडी चालवली नाही.
सासरे चालवायचे. या ऐकायच्या.

मी तिसरा टाकला.
काळी पाच मागे पडली, मग तिच्या वरचं सगळं,
मोजा गप्प,
आणि जी सीट आठवडाभर कुशीत टोचते
तिने वळणावर आम्हा दोघांना कुशीत घेतलं.
चार वळणं. पाच, कदाचित.
वर आइस्क्रीमवाल्याच्या बंद गाडीपाशी मी पाय उचलला.
खाली ट्रिऑर्कीचे दिवे लागत होते.
त्या काही म्हणतील म्हणून थांबलो.

"डावीकडे काहीतरी कुरकुरतंय," म्हणाल्या.
"खणाच्या मागे. बिजागरी असेल."

घरी आल्यावर बॅटरी तोंडात धरून पाहिलं.
बिजागरीच. स्क्रू अर्धा फेरा ढिला.
पेचकस हातात होता.
म्हटलं, राहू दे,
मंगळवारी त्यांच्यासमोर आवळू.