फेरीबोटीतलं अंतर

वही माझ्याकडे. एकोणतीस वर्षं पोस्टात
दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवला, म्हणून.
सायकली सतरा. त्यातली एक माझी,
शेवटच्या नंबरावर,
मागे कुणी राहू नये यासाठी.
म्हणजे, असं आम्ही सांगतो.

ज्याने त्याने किलोमीटरवर बोली लावलेली.
हर्णैच्या बंदरात टोपलीमागून
पारूबाई तांडेल म्हणाली, लिव आठ आणे,
चढाला रुपया.
उताराचं काय देनार नाय,
उताराला नारळ पन जातो.

आंजर्ल्याच्या चौथीच्या वर्गाने
एकशे बारा रुपये दिले, सगळे सुट्टे,
कंपासपेटीत घालून.
पेटी परत पाहिजे, असं दोनदा बजावून.

कशासाठी चाललात, असं वाटेत विचारतात.
संशोधनासाठी, मी सांगते,
कसल्या तेही सांगते,
आणि समोरचा आवाज खाली येतो.
आमच्याकडे त्या दुखण्याचं नाव घेत नाहीत.
गाठ म्हणतात. तीही बोटांनी दाखवून,
सुपारीएवढी, आवळ्याएवढी,
घरच्या बागेतल्या मापांनी.
माझ्या बहिणीची करवंदाएवढी होती.
पुढच्या करवंदांपर्यंत ती थांबली नाही.

तिसऱ्या दिवशी, दाभोळच्या जेटीवर, वाद.
बोटीत सायकली चढवल्या. शेजारी दोन रिक्षा,
बर्फाचा टेम्पो, एक बकरी आणि तिचा मालक.
ओजस बिवलकर, वय सव्वीस, म्हणाला,
काकू, खाडीचं अंतर धरायचं ना?
सायकल पुढे जातेय, आपण सायकलीबरोबर.
मी म्हटलं, डिझेल जातंय पुढे. तू उभा आहेस.
सगळे हसले. बकरीवालासुद्धा.

इब्राहिम मुकादम हसला नाही.
खेडला घड्याळं दुरुस्त करतो. सहा केमो झालेल्या,
भुवया अजून पेन्सिलीने काढल्यासारख्या.
त्याची सायकल जुनी, काळी, डबल स्टँडची.
ती त्याने स्टँडवर घेतली,
मफलरने कठड्याला बांधली,
वर बसला
आणि पायडल मारू लागला.

मागचं चाक हवेत.
आधी आऱ्या मोजता येत होत्या,
मग नुसती एक चकाकी.
टेम्पोतून बर्फाचं पाणी गळत त्याच्याखालून वाहत गेलं.
टेम्पोवाल्याने विचारलं, याने बोट जोरात जाते काय?
इब्राहिम म्हणाला, पैसे घेतलेत ना.
बसून कसं राहणार?

मला ती मुलगी आठवली,
मुंबईच्या इस्पितळात, पाचव्या मजल्यावर,
जिच्या काचेवर बहिणीचा एक कण होता.
म्हणाली होती, मावशी, अकरा वर्षं मी
ह्या एकाच पेशीला एकच प्रश्न विचारतेय.
मी काही न बोलता जिना उतरले होते.
अकरा वर्षं! आणि जागची हललीस का, बाई?
असं मनात म्हणत, पाचही मजले.

किनारा आला तेव्हा इब्राहिम घामाने भिजलेला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं केलं.
ओजसने मफलर सोडून दिला.

मी वही काढली.
दाभोळ ते धोपावे: धरले.
दर: चढाचा.
पारूबाई विचारणारच, पाण्यावर कसला चढ?
तिचा नवरा, दोन्ही मुलगे पाण्यावरच असतात.
विचारणार नाही कदाचित.

जेटीपासून रस्ता उभाच चढतो.
बाकीचे पुढे गेले. मोहोराचा वास, जांभ्याची धूळ.
इब्राहिम उतरून चालू लागला, म्हणून मीही.
पाऊण तास आम्ही काही बोललो नाही.
माझ्या कॅरियरवर कंपासपेटीतले सुट्टे
प्रत्येक खड्ड्याला वाजत होते.
पेटी परत द्यायची आहे,
विसरून चालणार नाही.