थंड पाणी

जिमच्या खाली, बॉयलरला लागून माझी खोली.
दोन मशिनं, एक ड्रायर, आणि भिंतीवर
सीझनचं वेळापत्रक, कुणीतरी तिरकं चिकटवलेलं.
मी वर जाऊन सामना पाहत नाही.
मला निकाल कपड्यांवरून कळतो.

नोव्हेंबरात जर्स्या नव्या, कडक, लालभडक.
पहिल्याच धुण्यात सगळे मोजे गुलाबी झाले.
ओडेल प्रूइट, दारात वाकून आत येणारा पोरगा,
म्हणाला, ''व्हर्नाबाई, आता आम्ही फ्लेमिंगो का?
नॉर्थ डकोटात?''
त्या आठवड्यात ते तीन सामने जिंकले.
मग पांढरे मोजे घालायला कुणी तयार होईना.

डिसेंबरात उणे एकतीस.
बिस्मार्कच्या अलीकडे बस बंद पडली.
पोरं टॉवेल गुंडाळून पहाटेपर्यंत
एकमेकांना चिकटून बसली म्हणे.
ते टॉवेल आले तेव्हा त्यांना वास होता
डिझेलचा, चिप्सचा आणि भीतीचा.
(भीतीला वास असतो. मुठीत फार वेळ धरलेल्या नाण्यासारखा.)
दुसऱ्या दिवशी खेळले. एकोणतीस गुणांनी हरले.

जानेवारी: हार, हार, हार, एक जिंकला, हार.
चौदा नंबर धुण्यात यायचा थांबला.
कुणी म्हणालं मार्क कमी पडले,
कुणी म्हणालं आई आजारी, मेम्फिसला परत गेला.
कोच ब्रेकी काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.
त्याच्या हँगरवर मात्र दुसरं काही टांगलं नाही.

आणि तेहतीस.
तेहतीस नंबर दर वेळी यायचा, घडीही न मोडल्यासारखा.
नाकाशी धरला तर कपाटाचा वास,
फार तर बाकाच्या वॉर्निशचा.
बावीस सामने. बावीस वेळा मी तो
इतरांच्या घामात टाकला, तितकीच पावडर घातली.
धुण्यासारखं काय होतं त्यात?
पण बाजूला काढून ठेवला असता
तर एखाद्या सोमवारी त्याला हाताला कळलं असतं.

अँसेल रोमस्टॅड. पाच फूट अकरा.
बाप धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसतो.
एकदा खाली आला, न सांगता टॉवेलांच्या घड्या घालू लागला.
माझ्यापेक्षा नीट.
म्हणाला, ''बाकावरून सगळं दिसतं.
ओडेल डावीकडे वळण्याआधी ओठ चावतो.''
''मग सांग की त्याला.''
''सांगितलं. आता उजवीकडे वळतानाही चावतो.''
आम्ही हसलो. ड्रायर थांबला तरी हसत होतो.

शेवटचा सामना फेब्रुवारीतल्या शनिवारी.
छतातून चेंडूचा आवाज, मग नुसते पाय,
मग एकदम सगळं छत थरथरलं.
मला वाटलं, जिंकले.
जिंकले नव्हते. सतरा गुणांनी मागे होते,
शेवटची दोन मिनिटं उरली होती,
आणि ब्रेकीने बाकाकडे बोट केलं होतं.

पिशवी आली. तेहतीस सगळ्यांत वर.
ओला. खरोखर ओला, पाठीला, काखेत,
आणि छातीवर रक्ताचा ओघळ,
आकड्यांच्या मधून खाली गेलेला.
एक मिनिट पन्नास सेकंद.
एक शॉट, रिंगवर आपटून बाहेर.
एक रिबाउंड, त्यात कुणाचं तरी कोपर नाकावर.
ओडेल सांगत होता, जणू त्यानेच घेतला तो चेंडू.

रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं, डाग कायमचा बसतो.
थंड पाणी, मूठभर मीठ, आणि लगेच.
एकतीस वर्षं प्रत्येक नव्या मदतनीसाला मी हेच शिकवलं.

नऊ जिंकले, चौदा हरले.
वर एकेक दिवा बंद होताना खटके ऐकू येत होते.
मी बादली नळाखाली ठेवली, नळ सोडला,
आणि बंद केला.

जर्सी दोरीवर पसरली, तशीच.
सोमवारी बघू म्हटलं.
सोमवारपर्यंत काय होतं, मला माहीत आहे.