दारा

वडगावच्या आमच्या गल्लीत
दुपारी माग थांबले की
आज्जी ओसरीवर वाकळ पसरते.
चार कोपऱ्यांना चार विटा,
मधोमध झोपलेल्या मांजराला एक फुंकर,
आणि भिंतीपलीकडं हाक –
निंगव्वा ऽ, बा गे.

मी साताऱ्याकडची नातसून.
लग्न होऊन आले त्याच आठवड्यात
निंगव्वा मला म्हणाली, "दारा कोडवा."
मी उठले, दार उघडलं.
"अल्लवा, दारा, दारा!"
मी दार लावलं.
तरी ती बघतच राहिली, म्हणून कडीही घातली.
पद्माक्काला हसून हसून ठसका लागला,
तोंडातली सुपारी वाकळीवर पडली.
कन्नडात दारा म्हणजे दोरा,
हे आज्जीनं सांगितलं नाही मला.
सुईत ओवून दाखवलं.

यंदाची कामं तिनं
कोनाड्याशेजारी कोळशानं लिहिलीत.
लाइनमन परसूच्या बाळाला एक, टॉवेलाएवढी.
जांबोटीच्या भावाला दुहेरी,
तिकडं थंडी हाडात शिरते.
रिक्षावाल्या इरफानच्या सीटला एक,
तो म्हाताऱ्यांकडून निम्मं भाडं घेतो म्हणून.
चौथ्या ओळीत नुसतं टिंब.
कुणाची, विचारलं तर म्हणते, "बघू की."

साडेचारला सुया जागच्या जागी टोचून
तिघी फिरायला निघतात.
पद्माक्का जैनाची, दिवस बुडायच्या आत जेवणारी,
त्यामुळं घड्याळ कुणी नेत नाही.
पद्माक्का सूर्याकडं बघते,
बाकीच्या दोघी पद्माक्काकडं.
कधी मंगाईच्या देवळापर्यंत,
कधी येळ्ळूर रस्त्याला,
जिथं बासमती वाऱ्यावर वास सोडायची
आणि आता प्लॉटचे पांढरे दगड उभे आहेत.
आज्जीचा दगड ठरलेला, बेचाळीस नंबरचा.
"पैसा न देता घेतला," म्हणते,
आणि त्यावर ऐसपैस बसते, मालकिणीसारखी.

एकदा इरफाननं त्यांना राजहंसगडावर नेलं.
वर वारा असा, की तिघींनी
एकमेकींच्या पदराला गाठी मारल्या.
पाव किलो कुंदा तटावरच संपवला
आणि खाली बघत भांडल्या,
आपली गल्ली नेमकी कुठली यावरनं.
निंगव्वा म्हणे टाकीच्या अलीकडं,
पद्माक्का म्हणे पलीकडं.
आज्जीला तितकं लांबचं दिसत नाही.
"आहे न्हवं तिथंच? मग बास,"
असं म्हणून तिनं बोटं चाटली.

तितकं लांबचं काय,
आता जवळचंही दिसत नाही तिला.
धावदोऱ्याची ओळ निघते सरळ
आणि मध्येच ओढ्यासारखी वळते.
रात्री सगळी झोपल्यावर
मी हळूच टाके उसवत होते,
आणि तिच्याच भोकांच्या आजूबाजूनं
नीट घालत होते. परसूच्या बाळाची वाकळ
अशी अर्धी माझी झाली.
तिनं दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं,
एकदा, परत एकदा,
आणि निंगव्वाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,
"सरळ टाका बघायला
रात्री दिवा कोण लावतंय गे?"
मी चहा टाकायला आत पळाले.
त्या दिवसापासून उसवलं नाही.
ओढा वळतो तिथं वळू देते,
पलीकडच्या काठानं माझी ओळ घालत जाते.

काल त्या फिरून उशिरा आल्या.
मल्लाप्पा शिंप्यानं चिंध्यांची दोन पोती दिली होती,
एक आज्जीच्या डोक्यावर, एक दोघींच्या मध्ये लोंबत,
आणि पद्माक्काचा सूर्य बुडायला टेकलेला.
बाहेरनं आज्जी ओरडली, "दार ऽ! दार गे, लवकर!"
मी हातातलं काम टाकलं,
डबा उघडला,
आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन
बंद दारापाशी धावत गेले.