खांद्याखालचं

रॉदरहॅमच्या सुपरमार्केटमागे गाडी लावतो.
काचा वर. हीटर बंद, त्याचा आवाज जातो म्हणून.
स्टिअरिंगला टेकवलेला फोन, आणि फोनमध्ये
नाशिकच्या हेमांगी रिसबूड,
त्यांच्याकडे रात्रीचे साडेदहा.
त्यांना ‘घुसमट’ समजावून सांगावी लागत नाही.
मी अर्धं वाक्य टाकतो,
उरलेलं त्या उचलतात.

शेफील्डला, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
डॉरीन बसते.
तिच्याशी एकदाच बोलून पाहिलं.
घुसमट म्हणजे, मी म्हणालो,
लोकरीचा स्वेटर काढताना डोक्यात अडकतो ना,
तसं.
ती हसली नाही. दोन्ही हात वर करून
थांबली तशीच, अडकल्यासारखी.
मग म्हणाली, तुमचा उजवा पाय
आल्यापासून हलतोय.

हेमांगीताईंना माझा पाय माहीतच नाही.
सात महिने, दर गुरुवारी,
मी त्यांना खांद्यापर्यंतच आहे,
पासपोर्टच्या फोटोइतका शहाणा.

बायको म्हणते, पैसे झाडाला लागतात का?
एक काय ते ठरव,
किती दिवस दोन डगरींवर पाय?
पाय, म्हणे.

आज गुरुवार.
ट्रॉल्या ढकलणारा पोरगा दोनदा डोकावून गेला.
मी फोन उचलला आणि खाली धरला,
ब्रेकपाशी.
ताई, हे बघा.
अंधार आहे हो, काहीच दिसत नाहीये.
दिसत नसेल. पण हलतोय.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.
नेटवर्क होतं.