ह्यांच्या नावाने

डेटनमध्ये बर्फ अजून रस्त्याकडेला काळं पडून होतं,
तेव्हा टॅक्सवाल्यांचं पत्र आलं:
ह्यांचं रिटर्न फेब्रुवारीतच पोचलंय,
रिफंडही गेला, कुठल्याशा परक्या खात्यात.

हे जाऊन चौदा महिने झालेले.
आणि फेब्रुवारीत?
एप्रिलच्या पंधराला, रात्री, पोस्टाबाहेर गाडी चालूच ठेवून
माझ्या पाठीचं टेबल करून सही करणारा माणूस!
चोराने निदान चौकशी तरी करायची.

फोनवर तासभर पिपाणी वाजली. मग बाई म्हणाली,
नाव सांगा, एकेक अक्षर.
उखाण्याबाहेर मी ते कधी घेतलं नव्हतं.
टी. आर. वाय.
पुन्हा सांगा.
टी फॉर टोमॅटो, म्हटलं.
त्र्यंबक. चोराला मात्र पाठ होतं, नंबरासकट.

आता सहा आकडी पिन आलाय, लेकालाही सांगितलेला नाही.
क्रेडिट गोठवलंय. जुनी स्टेटमेंटं
यंत्रातून कोथिंबिरीसारखी बारीक होऊन निघतात.
एकावर ह्यांची सही होती. तो कागद बाजूला ठेवला.

काल संध्याकाळी फोन: मिस्टर त्र्यंबक आहेत?
टॅक्स थकलाय, पोलीस निघालेत, गिफ्ट कार्डं आणा.
थांबा हं, म्हटलं, बोलावते.
आणि रिसीव्हर ह्यांच्या खुर्चीत ठेवून
भात लावायला गेले.